पाच वाजताचं जेवण

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली एक-दोन नावं छापताना काढली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बदलतं तंत्रज्ञान आणि आपली मुलं’ असा विषय छापला आहे. तो मीच सुचवला होता. पुण्याहून येताना गाडीत बसून वीस मिनिटांचं भाषणही तयार केलं होतं. पण काल रात्री रथ बघून परत आल्यावर ते वाचायला घेतलं आणि बाजूला ठेवलं. आपल्या मुलांना तंत्रज्ञान आपल्यापेक्षा जास्त कळतं, ती घेतील सांभाळून. मी आज कालच्या जेवणाबद्दल बोलणार आहे.

काल पाच वाजता तुम्हाला जेवायला बसवलं म्हणून गेला महिनाभर ग्रुपवर माझी जी थट्टा चालली होती, ती सगळ्यांना माहीत आहे. “काय भो, पाच वाजता जेवण म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलचा वॉर्ड आहे का?” हा मेसेज कोणाचा, ते सांगत नाही. तो समोरच बसला आहे, आणि काल त्याने सात बट्ट्या खाल्ल्या. सात मी मोजल्या, नंतर सोडून दिलं.

तर हे पाच कुठून आले, ते सांगते.

मेळाव्याची तारीख ठरवताना आपण कार्तिकी एकादशी धरली, कारण दिवाळीला आलेली मंडळी अजून गावात असतात आणि त्या दिवशी जळगावात रथ असतो. 1872 साली अप्पा महाराजांनी सुरू केलेला हा श्रीरामाचा रथोत्सव. आपल्यापैकी निम्म्यांनी तो लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिला आणि पुढे तीस वर्षं पाहिला नाही. दुपारी जुन्या जळगावातून निघालेला रथ गल्लीगल्लीतून फिरत रात्री उशिरा परत येतो. म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाला गर्दीत शिरलं की तीन-चार तास बाहेर पडायचं नाव नाही. त्यात कुठे धड बसून जेवता येत नाही. कचोरी मिळेल, चहा मिळेल, रेवड्या आणि फुगे मिळतील. पण पंच्याहत्तरीच्या सरांना आणि तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आलेल्या मैत्रिणीला कचोरीवर रात्री अकरापर्यंत ठेवता येत नाही. तेव्हा आधी जेवण आणि मग रथ, हे ठरलं. जेवणाची जबाबदारी कोणी घ्यायची, असं ग्रुपवर विचारलं गेलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपवून फोन बघितला तोवर जबाबदारी माझी झाली होती.

मी आधी हॉटेलांना फोन लावले. तुम्ही कधी चाळीस माणसांसाठी पाच वाजता जेवण मागून बघा. दुपारची थाळी साडेतीनला संपते. आचारी झोपतात, किंवा घरी जातात. रात्रीची थाळी साडेसातला. मधल्या वेळात कढई तापलेली असते ती भज्यांसाठी. एका मालकांनी फार आपुलकीने विचारलं, “ताई, पाच वाजताचं जेवण म्हणजे दुपारचं उशिरा का रात्रीचं लवकर?” मी म्हटलं, रात्रीचं लवकर. ते म्हणाले, “मग सातला या ना.” या संभाषणाचे मी सहा प्रकार ऐकले.

मग अर्थातच कोणीतरी भरीत पार्टी काढली. खान्देशी माणूस चार डोकी एकत्र आली की भरीत पार्टी काढतोच. कल्पना वाईट नव्हती. कोणाच्या तरी शेतात जायचं, कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर ती मोठी, पोपटी-पांढुरकी, कमी बियांची वांगी भाजायची, साल काढायची आणि लाकडाच्या बडगीत, म्हणजे कोणी जिला बडजी म्हणतं तिच्यात, घालून हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची. वर तेल, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची पुरी नाहीतर भाकरी. पुण्यात मी मॉलमधून जांभळं वांगं आणून गॅसवर भाजते आणि त्याला भरीत म्हणते, तेव्हा माझी आई फोनवर काही बोलत नाही, फक्त उसासा टाकते. या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी आपल्या केळीलाही. मिळालं ते चांगलंच झालं, पण कपाशीच्या काड्यांच्या धुराला मानांकन कसं देणार, हा प्रश्न राहतोच.

पण कार्तिकी एकादशीला भरीत! आपल्या वर्गातल्या निदान दहा घरांत आषाढी ते कार्तिकी वांगं, कांदा, लसूण घरात येत नाही. कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन चार महिने रजा. त्यांची वांगी कुठे चंपाषष्ठीला सुटतात, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर. आणि बाकीच्यांपैकी निम्म्यांना एकादशीच असते. भरीत बारगळलं.

आता मी काय केलं असेल? जे माझ्या धंद्यातली सगळी माणसं करतात. फॉर्म बनवला. नाव, सोबत किती, आणि जेवणाचा प्रकार: साधं, उपवासाचं, बिनकांदा-लसणाचं. तीन चौकटी, एकीवर टिचकी मारा, झालं. दोन दिवसांत अडतीस उत्तरं आली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

एकोणचाळिसावं उत्तर आलं ते असं: नाव लिहिलेलं, जेवणाची चौकट मोकळी, आणि खाली शेऱ्यात एक ओळ. “तुम्ही जेवून या. मी घरून थेट रथ चौकात येते.”

ही आपली मैत्रीण कोण, हे तुम्ही ओळखालच. तिने मला बोलायची परवानगी दिली आहे, पण म्हणाली, नाव घेऊन मला स्टेजवरून बघायला लावू नकोस. म्हणून नाव घेत नाही. जळगावातच राहते, शाळेपासून चार गल्ल्यांवर. आणि तरी गेल्या वीस वर्षांत आपण जमलो त्यात ती किती वेळा होती, आठवून बघा.

मी तिला फोन केला. म्हटलं, अगं बिनकांदा-लसणाचं आहे की फॉर्ममध्ये, बटाटाही काढून टाकू. ती म्हणाली, “तसं नाही गं. तुमचं सात वाजता असेल ना? माझा चौविहार असतो. सूर्य मावळला की मी जेवत नाही, पाणीसुद्धा नाही. मी घरी जेवून येईन, मला सवय आहे. लळिंगपासून तेच करते.”

लळिंग म्हटल्यावर मला आधी काही आठवलंच नाही. मग आठवलं, आणि मी फोन हातात धरून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

नववीची सहल, जानेवारी 1994. एसटीच्या प्रासंगिक कराराच्या दोन गाड्या. पहाटे अंधारात निघालो, एरंडोल-पारोळा करत धुळ्याला. राजवाडे संशोधन मंडळ पाहिलं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद सांभाळायला पुढच्या वर्षी ही संस्था उभी राहिली, हे सरांनी पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं. आम्ही ते पाठ केलं, कारण सहलीवर निबंध येणार होता. मग पांझरेच्या काठी एकवीरादेवी. तिथेच अकरा वाजता दुपारचं जेवण. आणि संध्याकाळसाठी राखून ठेवलेला लळिंगचा किल्ला.

ज्यांची ही सहल बुडली त्यांच्यासाठी: लळिंग धुळ्यापासून दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला अगदी खेटून. फारूकी सुलतानांच्या काळातला मोठा किल्ला. आज रस्त्यावरून जाताना डावीकडे-उजवीकडे बघत बसावं लागत नाही, तो समोर येऊन उभाच राहतो. चढायला पाऊणएक तास. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, पडकी तटबंदी आहे, आणि मावळतीला बघितलं तर सगळं धुळं तालुक्याचं माळरान तांबूस होतं.

त्या सहलीत मी खाऊप्रमुख होते. दोन पदं होती, हजेरीप्रमुख आणि खाऊप्रमुख, आणि मला मिळालेलं पद मी फार गंभीरपणे घेतलं होतं. संध्याकाळच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लाडू असं सगळं दोन डब्यांत होतं. ठरल्याप्रमाणे साडेचारला किल्ल्याच्या पायथ्याशी खायचं आणि मग चढायचं. पण गाड्या पोचायला उशीर झाला. पाच वाजून गेले होते. मुलं ओरडायला लागली, आधी वर जाऊ, सूर्यास्त चुकेल, खाली आल्यावर खाऊ. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो सर, खाली आल्यावर वाढते.

तेव्हा ती माझ्या मागे उभी होती. म्हणाली, “आपण दोन घास खाऊन चढू या का?” आणि मी म्हटलं, हे मला आता लख्ख आठवतं, मी म्हटलं, “तासाभराने काही कोणी मरत नाही.”

तिचा स्वतःचा डबा होता. घरून आणलेला, बिनबटाट्याचा. पण सगळ्यांच्या पिशव्या गाडीतच ठेवा, वर ओझं नको, हा हुकूमही माझाच. आणि आम्ही चढायला लागल्यावर ड्रायव्हरकाका दोन्ही गाड्या घेऊन डिझेल भरायला गेले. म्हणजे ती धावत खाली गेली असती तरी डबा मिळाला नसता.

वर आम्ही सूर्यास्त बघितला. टाळ्या वाजवल्या. सूर्य मावळल्यावर टाळ्या का वाजवतात मला माहीत नाही, पण वाजवल्या. तीही आमच्याबरोबर तटावर बसून मावळतीकडे बघत होती. मला वाटलं, हिला आवडलं.

परत येताना गाडीत मी पुऱ्या वाटल्या. तिच्यापाशी आले तेव्हा ती म्हणाली, नको, पोट दुखतंय. मी पुढे गेले. अकराच्या जेवणानंतर तिने काही खाल्लं नव्हतं, आणि जळगाव यायला रात्रीचे साडेदहा झाले. एरंडोलच्या आसपास तिला उलटी झाली, नुसतं पाणी. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, आणि मी निबंधात लिहिलं की सहल अतिशय आनंदात पार पडली. दहापैकी नऊ गुण.

हे सगळं मी तिच्याशी फोनवर बोलताना जुळवलं. तिने कधी तक्रार केली नव्हती, कालही केली नाही. उलट म्हणाली, “अगं, चौदा वर्षांच्या होतो आपण. आणि मीही तोंड उघडून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं ना.” पण तिच्या आईने त्यानंतर तिला शाळेच्या कुठल्याही संध्याकाळच्या कार्यक्रमाला पाठवलं नाही. अजिंठ्याची मुक्कामाची सहल, नाही. गॅदरिंगचं रात्रीचं जेवण, नाही. आणि दहावीच्या निरोप समारंभाचा तो फोटो, जो आज बाहेर मोठा करून लावला आहे आणि ज्याच्यासमोर आपण सगळे सकाळपासून सेल्फी काढतो आहोत, तो जेवणानंतर साडेआठला काढलेला आहे. नीट बघा. ती त्यात नाही. तीस वर्षं तो फोटो माझ्या पुण्याच्या घरात भिंतीवर आहे, आणि ती त्यात नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर माझ्या फॉर्मचं चुकलं कुठे? काय खाणार, हे विचारलं होतं. केव्हा खाणार, हे विचारलं नव्हतं. मी रोज ऑफिसात नव्या पोरांना शिकवते की वापरणाऱ्याला आधी विचारा, तुमच्या डोक्यातल्या चौकटी त्याच्यावर लादू नका. आणि स्वतः तीन चौकटी काढून मोकळी झाले.

मी फॉर्म परत पाठवला, एकच प्रश्न: किती वाजता जेवलं तर तुम्हाला सोयीचं? मला वाटलं होतं, सगळे सात-आठ लिहितील आणि एक जण साडेपाच लिहील. आलेली उत्तरं वाचून मी चाट पडले. सरांनी लिहिलं, डॉक्टरांनी सातच्या आत जेवायला सांगितलं आहे, पण तुम्ही तरुण मंडळी, मी जमवून घेईन. आपल्यात तिघं इन्सुलिन घेतात, हे मला पहिल्यांदा कळलं. इंजेक्शन घेतल्यावर जेवण लांबलं तर काय होतं, ते ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. एक जण लिहितो, मी मगरीबच्या नमाजला उठणार, तेव्हा सूर्यास्ताच्या आधी आटोपलं तर बरं, नाहीतर अर्ध्या ताटावरून उठावं लागतं. एकीची हॉस्पिटलात रात्रपाळी, ती जेवून तासभर रथ बघून ड्युटीवर जाणार. आणि एकादशीवाल्यांपैकी कित्येकांचं दिवसाकाठी एकच फराळ, तो संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी. आठ वाजता जेवायला आवडतं असं फक्त अकरा जणांनी लिहिलं होतं, आणि त्यातले सहा पुण्या-मुंबईचे.

एवढ्या सगळ्यांची गाठ पडत होती ती पावणेपाच ते पावणेसहामध्ये. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जळगावात सूर्य सहाच्या काही मिनिटं आधीच मावळतो. म्हणून पाच. दवाखान्यातलं जेवणही याच वेळेला का देतात, तेही आता मला समजलं.

पदार्थांचं गणित त्या मानाने सोपं गेलं. आठवीत का नववीत बाईंनी संच शिकवले होते, छेदसंच आठवतो का? ते वर्तुळांवर वर्तुळं. उपवासवाल्यांना धान्य चालत नाही. मैत्रिणीला कंद चालत नाही, आणि एकादशी म्हणजे तिच्याकडेही तिथी, त्या दिवशी हिरवी भाजी नाही. मधुमेहवाल्यांना गोड नाही. सगळ्या वर्तुळांत सापडणारा पदार्थ एकच निघाला, पिकलेलं केळं. तेही तिथीला तिच्या घरी चालतं, हे ऐकून मी हसत सुटले. जळगाव जिल्ह्यात जन्माला येऊन उत्तर दुसरं कुठलं येणार होतं? मधुमेहवाल्यांनी अर्धंच घ्यायचं, एवढीच अट.

पण नुसत्या केळ्यावर चाळीस माणसं कशी बसवणार? आपल्या केटरिंगवाल्या वर्गमित्राने दोन चुली मांडल्या. एकीवर उपवासाचं: भगर, दाण्याची आमटी, बटाटा न घातलेली साबुदाण्याची खिचडी. दुसरीवर वरण-बट्टी. वरण-बट्टीला कांदा-लसूण लागतच नाही, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ताटात असून माझ्या ध्यानात आली नव्हती. जाडसर दळलेले गहू, त्यात थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं मोहन. गोळे आधी वाफवायचे, मग तळायचे. तुरीच्या वरणात कुस्करायचे आणि वर तूप, हात आखडायचा नाही. सोबतची घोटलेली वांग्याची भाजी फक्त काल नव्हती. काही जणांनी तिची आठवण फार काढली. मीही काढली, मनातल्या मनात.

जागा मेहरूणला मिळाली, तलावाजवळ राहणाऱ्या आपल्या वर्गमित्राच्या अंगणात. त्याने सतरंज्या घातल्या, ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या. त्या खुर्च्या सरांसाठी आणल्या होत्या. सर मांडी घालून बसले, आणि खुर्च्यांवर आपलेच सात-आठ वर्गबंधू, गुडघे धरून.

ती पावणेपाचला आली. फॉर्मनंतर मी तिला परत फोन केला नव्हता, फक्त ग्रुपवर वेळ टाकली होती, पाच ते पावणेसहा, आणि खाली लिहिलं होतं: उशीर करू नका, पावणेसहानंतर ताटं उचलली जातील. ते वाचून तिला कळलं. सांगावं लागलं नाही.

तिने बट्टी घेतली, वरण घेतलं, केळं घेतलं. साडेपाचला हात धुतले, पाणी प्यायली, आणि मग आरामात गप्पा मारत बसली. मला वाटलं होतं, मी तिच्यापाशी जाऊन लळिंगबद्दल काहीतरी बोलेन. दोन वाक्यं तयारही होती. पण तिच्याच बाजूला कोणाचा तरी मुलगा वरणात बट्टी बुडवायला गेला आणि अख्खी वाटी तिच्या साडीवर आली. मग पाणी आण, रुमाल आण. ती दोन वाक्यं मी आत्ता इथून बोलते आहे, असं समज.

एक गोष्ट मात्र राहिली. फोनवर ती मला म्हणाली होती, “त्या दिवशी गाडीत बाई माझ्याजवळ येऊन बसल्या ना, त्यांनीही काही खाल्लं नाही. तू पुरी द्यायला आलीस तर त्या म्हणाल्या, मलाही नको. माझ्यासाठी उपाशी राहिल्या त्या. मी ते कधी विसरले नाही.” तिने हे तीस वर्षं मनात जपून ठेवलं होतं. काल तलावाकाठी तिने ते बाईंना सांगितलं, पायाला हात लावून. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अगं, मला एसटी लागते. पारोळा-एरंडोलच्या रस्त्याला तर हमखास. मी कुठल्याच सहलीत परतीला काही खात नसे. तुझ्याजवळ आले ती तुझ्याकडे खिडकी होती म्हणून.”

बाई, तुम्ही हसताय, पण काल आमची दोघींची तोंडं तुम्ही बघायला हवी होती. मग ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला, आणि पाणी देता येत नव्हतं कारण सहा वाजून गेले होते.

त्याच्या आधी, पावणेसहाला, आपण फोटो काढला. ऊन अगदी समोरून येत होतं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे बारीक आले आहेत. नमाजला जाणारा मित्र फोटो काढून गेला आणि वीस मिनिटांत परत आला. मग आपण निघालो.

रथाचं मी काय सांगणार, सगळे होतातच. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, दिव्यांची रोषणाई. मला लहानपणी मूर्तीपेक्षा चाकांकडे बघत राहावंसं वाटायचं, कालही तेच झालं. एवढा मोठा, जड, माणसांनी ओढलेला रथ. त्याला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. चाकाखाली लाकडी मोगरी सरकवायची आणि त्या मोगरीच्या जोरावर तो थांबवायचा, वळवायचा. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं लटकलेली, आणि मोगरी लावणारा वाकून चाकाच्या अगदी तोंडाशी. त्याचा हात एका क्षणासाठी चुकला तर काय होईल, हा विचार माझ्या मुलीने मोठ्याने केला, तेव्हा शेजारच्या आजोबांनी तिला सांगितलं, “बेटा, आमच्या घरात हे काम माझ्या आजोबांपासून आहे.” भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबला, चादर चढवली गेली. तिथे सर अर्धा तास उभे होते. साडेनऊला मी विचारलं, सर, घरी सोडू का? म्हणाले, “पोट भरलेलं आहे, काय घाई आहे?”

आणि ती पार शेवटपर्यंत होती. रथ परत येईपर्यंत. बाराला दहा कमी असताना तिच्या मुलाचा फोन आला, आई, तू आहेस कुठे?

आता दोन कामाच्या गोष्टी सांगते आणि खाली बसते. केळ्यांचे तीन घड उरले आहेत, ते बाहेर टेबलावर आहेत, जाताना न्या. आणि भरीत बारगळलं म्हणून जे रुसले आहेत त्यांच्यासाठी: जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, आसोद्याच्या आपल्या वर्गमित्राच्या शेतात. बडगी त्याची, वांगी त्याची, काड्या त्याच्या, ठेचायला हात आपले. एक चूल वेगळी मांडू, तिच्यावर वांगं-लसूण काही जाणार नाही, कळण्याच्या भाकरी आणि डाळ होईल. जाळ दुपारी दोनला पेटवायचा, चारला पंगत. कोणाला वेळ बदलून हवी असेल तर चहाच्या सुट्टीत मला येऊन सांगा, मी खिडकीशी बसले आहे. बाई, तुम्हाला न्यायला एसटी नाही, कार येईल, आणि पुढची सीट तुमची.